वंदना, ड्रोन अजून देवळालीलाच आहे

वंदना,

शाळेत तुझी शोकसभा झाली तेव्हा मुख्याध्यापक सर म्हणाले, "वंदना मॅडम अत्यंत शांत आणि मितभाषी स्वभावाच्या होत्या." नववीच्या रांगेत पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. अविनाशनं मान खाली घालून ओठ घट्ट दाबले. मी खुर्चीवर बसल्या बसल्या पदर तोंडाशी धरला. सगळ्यांना वाटलं, शोभा मॅडम रडतायत. रडत होतेच, पण त्याच्या आधी हसत होते. तू आणि मितभाषी! प्रयोगशाळेत तुझा आवाज चढला की पलीकडच्या वर्गात माझा खडू फळ्यावर थांबायचा, आणि पोरं गणित सोडून भिंतीकडे कान लावायची.

मलाही दोन शब्द बोलायला सांगितलं होतं. मी उठले नाही. मला तुझ्याबद्दल बोलायचं नव्हतं गं, तुझ्याशी बोलायचं होतं. आणि त्यानंतर इतकं काही घडलंय की ते तुला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहणार नाही. रोज संध्याकाळी स्कूटी चालू करताना वाटतं, आता मागे बसशील आणि म्हणशील, "हां, सांग."

तर ऐक. पण क्रमानं सांगते. तुला उगाच मधनं सुरू केलेलं आवडत नाही.

तो खोका आठवतो? आपल्याच शाळेत शिकून पुण्यात नोकरीला लागलेल्या एका मुलानं पाठवलेला. शाळेसाठी ड्रोन पाठवतोय, असा त्याचा फोन आला होता. सरांनी मनात पक्कं केलं होतं की पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला वरून फुलं टाकायची. सगळी स्टाफरूम खोक्याभोवती गोळा झाली, सरांनी स्वतः चिकटपट्टी कापली, आणि आतून निघालं काय? काळ्या पट्ट्या, लिंबाएवढ्या मोटारी, बटणाएवढे कॅमेरे, वायरींची भेंडोळी आणि स्क्रूच्या पुड्या.

"हे तर सुटे भाग आहेत," सर म्हणाले. त्यांचा चेहरा असा पडला होता की मला त्यांची दया आली.

"नगरहून कुणीतरी माणूस बोलावू, तो दोन तासांत जोडून देईल," मी म्हणाले.

"आणि पोरं काय करतील?" तू विचारलंस. "टाळ्या वाजवतील?"

तू एक मोटार उचलून बोटानं फिरवत होतीस. तुझ्या डोळ्यांत तेव्हा जे काही होतं, ते मी त्याआधी फक्त आंब्याच्या पेटीपुढे बसलेल्या लहान पोरांच्या डोळ्यांत पाहिलं होतं. "शोभे," तू हळूच म्हणालीस, "तयार ड्रोन आला असता तर तो कपाटात गेला असता. हा कपाटात जाऊच शकत नाही. हा आधी जोडावा लागणार."

मग सुरू झाला तो गोंधळ. शनिवारी सकाळची शाळा सुटली की प्रयोगशाळेत कथिलाचा धूर. नववीची पोरं सोल्डरिंगची गरम सुई हातात धरून श्वास रोखून बसायची आणि तू बाकांमधून फिरत ओरडायचीस, "फुंकर मारू नका! बोट लावू नका! ए, चष्मा डोळ्यांवर घाल, कपाळाला कशाला लावलायस?" वायरचा जोड पक्का झाला का, हे बघायला तू तो हिसका देऊन ओढायचीस. निघाला की म्हणायचीस, "पुन्हा." एका पोरीला सात वेळा पुन्हा करायला लावलंस. मला वाटलं, आता ती रडेल. पण आठव्यांदा जोड निघाला नाही, आणि ती अशी काही किंचाळली की सर पळत आले, कुणाला शॉक बसला म्हणून.

आणि पहिलं उड्डाण! सगळी शाळा मैदानाच्या कडेला. अविनाशच्या हातात रिमोट. मोटारी गरगरल्या, ड्रोन वीतभर उचलला आणि बैलानं लोळण घ्यावी तसा उलटा पडला. दोन पंखे मोडले. पोरं हिरमुसली. माझ्या तोंडावर आलं होतं, "मी म्हटलं नव्हतं, नगरहून माणूस बोलावू?" पण तेवढ्यात मागून एक पोरगी पुढे आली. कोमल. तोवर तिचा आवाज मी वर्गात कधी ऐकला नव्हता.

"मॅडम, दोन पंखे उलटे बसलेत."

"तुला कसं कळलं गं?" तू विचारलंस.

"ह्या दोन कोपऱ्यांखालची माती उडली. त्या दोन कोपऱ्यांखालची उडलीच न्हाई."

तू वळून सगळ्या पोरांना म्हणालीस, "ऐकलं? तुम्ही सगळे वर बघत होतात. ही खाली बघत होती." आणि तिथेच मातीत बसून काडीनं चार वर्तुळं काढलीस. दोन मोटारी उजवीकडे फिरतात, दोन डावीकडे, म्हणून ड्रोन स्वतःभोवती गरगरत नाही. आणि पंखाही त्या त्या मोटारीचाच हवा, नाहीतर वारा खाली ढकलायच्या ऐवजी वर ढकलला जातो. तो तास मी उभ्यानं ऐकला. माझी दहावी अ तिकडे वर्गात गोंगाट करत होती, तरी मी हलले नाही.

दुसऱ्या दिवशी तो उडाला. वंदना, मी तुला कधी सांगितलं नाही, पण त्या क्षणी माझ्या अंगावर काटा आला होता. पोरांनी स्वतः डाग दिलेल्या वायरी, स्वतः आवळलेले स्क्रू, आणि ते सगळं आपल्या डोक्यावर हवेत उभं! पोरं नाचत होती. सर फुलं विसरले आणि टाळ्या वाजवू लागले. तू माझ्या पाठीत एवढ्या जोरात थाप मारलीस की दुसऱ्या दिवशीपर्यंत दुखत होतं.

आणखी एक गोष्ट तुला नीट सांगायची राहिली. त्रिकोणमिती शिकवताना मी इतकी वर्षं दीपगृहाचं आणि जहाजाचं उदाहरण देत आले. जामखेड तालुक्यातल्या पोरांना! त्यांनी दीपगृह पाहिलेलं नाही, जहाज पाहिलेलं नाही, आणि समुद्र मीसुद्धा दोनदाच पाहिलाय. तू एक दिवस माझ्या वर्गाच्या दारात येऊन म्हणालीस, "तुझं ते जहाज बुडव आणि पोरांना मैदानावर आण." ड्रोन हवेत उभा केलास. पोरांनी कोनमापकाला दोरा बांधला, दोऱ्याला नट लटकवला, कोन मोजला, जमिनीवरचं अंतर टेपनं मोजलं, आणि मातीत बसून उंची काढली. मोबाईलवर दिसणारी उंची वेगळी आली. झालं! अर्धी पोरं म्हणायला लागली मोबाईल चुकला, अर्धी म्हणायला लागली मॅडमचं सूत्र चुकलं. माझं सूत्र! मी पदर खोचला आणि त्यांच्याबरोबर भांडायला मातीत बसले. शेवटी एकीनं ओरडून सांगितलं, "मॅडम, किल्ल्याकडून वारा सुटलाय, ड्रोन सरकतोय! आपलं अंतरच बदलतंय!" घंटा झाली तरी कुणी उठलं नाही. एवढ्या नोकरीत पहिल्यांदा पोरांनी मला "अजून एक उदाहरण द्या" म्हटलं. ते तुझ्यामुळे. मी तेव्हा नुसतं "बरं झालं" म्हणाले होते. तेवढ्यानं भागत नाही, हे आता कळतंय.

मग दिवाळी जवळ आली, आणि गावातल्या ट्रॅक्टरांना ट्रॉल्या जोडल्या जायला लागल्या. कोमलचे आई-वडील दरवर्षी ऊस तोडायला जातात. यंदा त्यांची टोळी तुझ्या माहेराकडे, देवळाली प्रवरेला जाणार होती. आपण दोघी तिच्या घरी गेलो. मी म्हणाले, पोरीला हंगामी वसतिगृहात ठेवा, जानेवारीत नगरला जिल्ह्याची ड्रोन स्पर्धा आहे, ही आमच्या संघात आहे. तिची आई, मंगलताई, भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"आणि धाकट्याला कोण बघंल?" ती म्हणाली. "आमी दोघं पहाटंच फडात. त्यो चार वर्साचा हाय. तुमी येनार का बघायला?"

परत येताना स्कूटीवर मी तावातावानं बोलत होते, पालकांनाच समजत नाही, आपण काय करणार. आणि तू मागून म्हणालीस, "समजतंय की तिला. तिला आपल्यापेक्षा जास्त समजतंय. तिनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आपल्याकडे नाही, एवढंच झालंय."

"म्हणजे जाऊ द्यायचं पोरीला?"

"पोरगी जाणार. मग ड्रोन तिच्याकडे न्यायचा."

मला वाटलं, तू नेहमीसारखं काहीतरी बोलतेयस. तुम्हा पाटाच्या पाण्यावर वाढलेल्या माणसांना सगळंच शक्य वाटतं. आम्ही कोरडवाहू माणसं, हातात आहे ते सांभाळून ठेवणारी. यावरून तू मला किती चिडवायचीस!

त्यानंतर तुला कावीळ झाली. मग ती नुसती कावीळ नाही असं कळलं. मग नगरचं हॉस्पिटल. त्याबद्दल मी लिहिणार नाही, तुला ते सगळं माहीत आहे आणि तुला त्याचा कंटाळा होता. मला आठवायचंय ते तुझं व्हिडिओ कॉलवरचं शिकवणं. शनिवारी बरोबर फोन यायचा. मी मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवून टेबलावर उभा करायचे आणि त्यातून तुझा तो बारीक झालेला चेहरा वर्गावर डाफरायला लागायचा. एकदा ड्रोन हवेत गेला की नुसता थरथरायचा.

"थरथरतोय? कसा थरथरतोय? तापानं की थंडीनं?" तू विचारलंस. पोरं हसली. "मला आवाज ऐकवा. मोबाईल जवळ न्या. अरे, एवढ्या जवळ नको, माझं नाक कापाल!"

तू डोळे मिटून आवाज ऐकलास आणि म्हणालीस, "मागच्या डाव्या मोटारीचा स्क्रू बघा." स्क्रू खरंच ढिला होता. पोरांनी असा जल्लोष केला की तिकडे तुझ्या खोलीत नर्स आली. "मॅडम, तुम्ही आराम करायचाय," ती म्हणत होती आणि तू तिला म्हणत होतीस, "एक मिनिट ताई, आमचं टेक-ऑफ चाललंय." मग पडद्यावर नुसतं छत दिसायला लागलं.

आता येते आपल्या भांडणावर.

खोक्यातल्या उरलेल्या भागांतून पोरांनी दुसरा ड्रोनही जोडला होता, त्या दोनपैकी एक शाळेतून गेला होता. तुझा भाऊ सुनील तुला भेटायला आला, परत जाताना वाट वाकडी करून आपल्या शाळेत आला, आणि अविनाशनं तुझ्या सांगण्यावरून खोका त्याच्या गाडीत ठेवला. सरांना तू फोनवर सांगितलंस, दुरुस्तीला पाठवतेय. धडधडीत खोटं! मी पेपरच्या कामाला बाहेर गेले होते. सोमवारी कपाट उघडलं तर कप्पा रिकामा.

मी तुला फोन केला. "ड्रोन कुठाय?"

"देवळालीला. कोमलकडे."

"कोपीवर? उसाच्या पाचटाच्या झोपडीत? वंदना, तिथे चूल असते, बाहेर बैल असतात, पोरं असतात! एका दिवसात त्याचा भुगा होईल."

"होऊ दे. पुन्हा जोडेल ती."

"शाळेची वस्तू आहे ती. नियमात बसत नाही हे."

"मग नियमाला म्हणावं, जरा सरकून बस."

"आणि स्पर्धा? अविनाश इथे रोज सराव करतोय. उडवणार तोच."

"कोमल उडवेल."

"अविनाश!"

"शोभे, तुला नंबर हवाय."

"हो, हवाय! पोरांनी जिंकावं असं वाटण्यात वाईट काय आहे? तुला नको आहे का?"

"मला पण हवाय," तू म्हणालीस. तुला धाप लागली होती. "पण तुझ्या पद्धतीनं एका पोराला ड्रोन येईल. मला..." आणि मग खोकला आला. मी म्हणाले, "ठेव आता, उद्या भांडू." तू म्हणालीस, "ठेवते. पण माझंच बरोबर आहे."

आणि त्या उद्याला फोन आला तो तुझ्या नवऱ्याचा.

सगळे मला विचारतात, शेवटचं बोलणं काय झालं? मी सांगते, भांडलो. त्यांना वाईट वाटतं. मला वाटत नाही. आपण आठवड्यातून दोनदा भांडायचो आणि तिसऱ्या दिवशी एका डब्यातलं खायचो. शेवटच्या दिवशी तू मला गोड बोलली असतीस तर मी घाबरले असते. फक्त तुझं ते वाक्य अर्धं राहिलं. तुला पुढे काय म्हणायचं होतं, ते मी मनात कितीदा पूर्ण करून पाहिलं, आणि प्रत्येक वेळी त्याला उत्तरही दिलं.

आणि आता ती स्पर्धा! वंदना, काय दिवस होता तो!

नगरच्या एका कॉलेजचं मैदान. जिल्हाभरातल्या शाळा आलेल्या. राहात्याकडच्या एका शाळेच्या संघाचे सगळ्यांचे एकसारखे टी-शर्ट, पाठीवर नावं. आपली पोरं शाळेच्या गणवेशात, अविनाशच्या हातात आपला ड्रोन, पुसून पुसून चकचकीत केलेला. सुनील कोमलला घेऊन एसटीनं आला. तिच्या हातात बिस्किटांचा रिकामा खोका. तिनं तो उघडला. आत उसाचं पाचट भरलेलं, आणि पाचटात गुंडाळलेला दुसरा ड्रोन.

मी बघतच राहिले. एक हात मोडला होता, त्याला बांबूची कामटी लावून दोऱ्यानं आवळून बांधलं होतं. पंख्यांभोवतीची कडी कोल्ड्रिंकच्या बाटलीची कापलेली. चार पायांपैकी दोन पाय भलत्याच कशाचे तरी.

"कोमल, हे काय केलंस?"

"पडला की लावलं, मॅडम. पडला की लावलं."

"आणि उडतो हा?"

ती माझ्याकडे अशी बघायला लागली, जणू मी विचारलंय की गाय दूध देते का.

पहिली फेरी उडवण्याची. कड्यांमधून ड्रोन न्यायचा, खुणेच्या जागी छोटी पिशवी टाकायची आणि परत आणून चौकोनात उतरवायचा. मी उडवायला अविनाशलाच उभं केलं. ऐकतेयस ना? अविनाशलाच. कोमलनंच म्हटलं, "त्याचा हात लई सरळ हाय, मॅडम. माझा ड्रोन डावीकडं वढतो, मला तीच सवय लागलीय." आणि अविनाशनं काय उडवला गं! दुपारचा वारा सुटलेला, टी-शर्टवाल्यांचा ड्रोन दुसऱ्याच कड्याला अडकून पडलेला, आणि आपला पोरगा जीभ दातांखाली धरून एकेका कड्यातून काढतोय. पिशवी खुणेवर पडली. ड्रोन चौकोनात उतरला. मी उडी मारली. साडीत, सगळ्या जिल्ह्यासमोर. माझा रोजचा सराव कामाला आला, हे तुला मान्य करावं लागेल.

दुसरी फेरी बिघाड शोधण्याची. परीक्षक प्रत्येक संघाचा ड्रोन पडद्यामागे नेऊन त्यात काहीतरी बिघडवत आणि परत देत. कुठे काय केलंय, ते शोधून दुरुस्त करायचं. सगळ्या संघांनी आधी लॅपटॉप उघडले. आपल्याकडेही अविनाश तेच करायला बसला. कोमलनं मात्र चारही पंखे काढून बाजूला ठेवले. मग वहीच्या कागदाची चिंधी फाडली, मोटारी अगदी हळू फिरवायला सांगितल्या आणि चिंधीचं टोक एकेका मोटारीला हलकेच टेकवत गेली. पहिली, दुसरी, तिसरी. चौथ्या मोटारीला चिंधी जायला हवी त्याच्या उलट्या बाजूला उडाली.

"ही उलटी फिरतीय," ती म्हणाली. "वायरी बदलल्यात."

अविनाशनं वायर सोडवली, तिनं डाग दिला. मग तिनं तो जोड हिसका देऊन ओढून पाहिला. निघाला नाही. बाकीचे संघ अजून लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत होते आणि आपला ड्रोन पंखे परत बसवून हवेत!

परीक्षकांनी विचारलं, "हे कुणी शिकवलं?"

"वंदना मॅडमनी जोडायला शिकवलं," ती म्हणाली. "बाकी तिकडं सारखा बिघडायचा. दुकान न्हाई ना तिथं."

दुसरा नंबर आला, वंदना! जिल्ह्यात दुसरा! पोरांनी मला गराडा घातला, सुनील रस्त्यावर जाऊन पेढे घेऊन आला, अविनाशनं तुझ्या नवऱ्याला फोन लावला. निम्मा नंबर माझ्या पद्धतीनं आला आणि निम्मा तुझ्या. पहिला का नाही आला, यावर आपण महिनाभर भांडलो असतो.

निघायच्या वेळी कोमल माझ्याजवळ आली. खोक्यात पाचट परत नीट भरलेलं. "मॅडम, ह्यो परत नेऊ का? तिकडं पोरं वाट बघत्यात."

"कोणती पोरं?"

"कोपीवरची."

मी म्हणाले, "ने. मी रविवारी येते बघायला."

तर मी देवळालीला जाऊन आले. तुझ्या माहेरी! तुझ्या वहिनीनं जेवायला वाढलं, मी नको म्हटलं तरी पुन्हा वाढलं. सुनील मला तिकडे नेताना म्हणाला, "ताई म्हणायची, शोभा चिडली की समजायचं, आपलं काम बरोबर चाललंय." असं म्हणायचीस होय गं माझ्यामागे?

उसाच्या फडाच्या कडेला कोप्यांची रांग. ऊस तोडून झालेलं मोकळं रान, आणि त्यात पोरंच पोरं. कुणी आपल्या तालुक्यातली, कुणी बीडकडची. कोमलनं त्यांना ओळीनं बसवलं होतं. जमिनीवर काडीनं चार वर्तुळं काढलेली. ती मातीतल्या वर्तुळांकडे बोट दाखवून ओरडत होती, "ए, उजवीकडं कोन फिरतंय? आन् डावीकडं?" चारपाच पोरं एकदम उत्तर देत होती. तिचा धाकटा भाऊ तिच्या पायाशी बसून बॅटरीच्या रिकाम्या डब्याशी खेळत होता. एक पोरगी तर माझ्याकडे येऊन म्हणाली, "तुमाला जोडायचं आसंल तर आदी लायनीत बसा."

मी लायनीत बसले. खरंच बसले.

बसल्या बसल्या मी ठरवलं, दुसरा ड्रोनही फेब्रुवारीत इकडे आणायचा, पण त्याआधी अविनाशनं त्यावर आठवीच्या पोरांना जोडायला शिकवायचं. सरांना अजून विचारलेलं नाही. विचारणार आहे, दुरुस्तीला नेतेय असं खोटं सांगणार नाही. तेवढा फरक आपल्या दोघींत राहू दे.

ऊन उतरायला लागलं तशी फडातून माणसं परतायला लागली. मंगलताई डोक्यावर वाढ्याची, उसाच्या हिरव्या शेंड्यांची पेंडी घेऊन आली. मला बघून थबकली. मला वाटलं, तिला राग आला असेल, शाळेची बाई इथंवर आली म्हणून. तिनं पेंडी खाली टाकली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "आलात व्हय? चहा टाकते."

मग ती पोरांकडे बघत उभी राहिली. ड्रोन कुणा एका पोराच्या हाताखाली वर जात होता, खाली येत होता. तिनं चहा टाकला नाही. ती पुढे गेली आणि कोमलला म्हणाली, "आन इकडं. मला पन दे की."

"आई, तुला न्हाई यायचं."

"दिऊन तर बघ."

कोमलनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तिनं आईच्या हातात रिमोट दिला, त्यावर अडकवलेल्या सुनीलच्या मोबाईलमध्ये ड्रोनच्या कॅमेऱ्यातलं रान दाखवलं, आणि तिचे अंगठे धरून दांड्यांवर ठेवले. मंगलताईच्या बोटांना कोयत्याचे घट्टे, उसाची पानं लागून हात ओरखडलेले. ड्रोन उचलला. एका बाजूला कलला. पोरं ओरडली. कोमल आईच्या मागे नाचत होती, "हळू, आई! अंगठा सैल सोड! घाबरू नगं, पडला तर लावू आपन!"

आणि तो सावरला, वंदना. वर गेला. कोप्यांच्या वर, उसाच्या शेंड्यांच्या वर. वर उन्हात आला तशी त्याची ती बाटलीची कडी चमकायला लागली. मंगलताई हसत होती, आवाज न करता, सगळं अंग हलवत. फडातून येणारी माणसं मोळ्या डोक्यावर तशाच धरून उभी राहिली होती. खूप वेळ झाला. बॅटरी संपत आल्याचा आवाज यायला लागला.

"आई, उतरव आता," कोमल म्हणाली. "उतरव ना!"

"थांब गं जरा," मंगलताई म्हणाली. "तिकडनं पलीकडचं काय काय दिसतंय, ते बघू दे."